पाँडिचेरीची सायकल टूर: पिवळ्या भिंतींपलीकडचं शहर दोन तासांत कसं बघायचं?

पिवळी भिंत, तिच्यावरून लोंबणारी बोगनवेल, पांढरी खिडकी आणि समोर टेकवून ठेवलेली सायकल. पाँडिचेरीचा हा फोटो तुमच्या फीडवर कधी ना कधी आलाच असेल. फोटोतली सायकल बऱ्याचदा पोझपुरतीच असते. पण हे शहर खरोखर सायकलवरून बघण्यासारखं आहे. तिथे सकाळी गाइडसोबत दोन-अडीच तासांच्या छोट्या सायकल टूर चालतात आणि पहिल्यांदा येणाऱ्याला शहर समजून घ्यायचा तो सगळ्यात सोपा मार्ग आहे.

अडचण एवढीच, की टूर कुठून कुठे जाते यावर तुम्हाला काय कळणार हे ठरतं. फक्त पिवळ्या गल्ल्यांतून फिरवणारी टूर शहराचा एक छोटा तुकडा दाखवते. हे शहर कसं वसलं, दोन भागांत का विभागलं गेलं आणि त्याचा समुद्रकिनारा मधल्या काळात कुठे गायब झाला होता, हे त्या तुकड्यात दिसत नाही. म्हणून टूर बुक करण्याआधी हे वाचून घ्या.

आधी नावांचा घोळ मिटवू

शहराचं अधिकृत नाव २००६ पासून पुदुच्चेरी आहे. तमिळमध्ये ‘पुदु’ म्हणजे नवी आणि ‘चेरी’ म्हणजे वस्ती. फ्रेंचांच्या तोंडी त्याचं पाँडिचेरी झालं आणि आता सगळे लाडाने ‘पाँडी’ म्हणतात. तिन्ही नावं चालतात.

दुसरा घोळ ‘बाइक’चा. परदेशी पाहुण्यांसाठी लिहिलेल्या जाहिरातीत ‘बाइक टूर’ म्हणजे सायकल, आणि आपल्याकडे बाइक म्हणजे मोटारसायकल. पाँडीत भाड्याने स्कूटर आणि मोटारसायकल देणारी दुकानं भरपूर आहेत. त्यामुळे चौकशी करताना स्पष्ट ‘सायकल टूर’ असंच विचारा.

टूरमध्ये नेमकं काय होतं?

सकाळी लवकर, साधारण सातच्या आत-बाहेर, एका ठिकाणी जमायचं. तिथे सायकल मिळते, सीट तुमच्या उंचीप्रमाणे वर-खाली करून देतात आणि पाच-दहा जणांचा गट गाइडच्या मागे निघतो. सायकली बहुतेक साध्या, बिनगिअरच्या असतात. गिअरची गरजही पडत नाही, कारण शहर सपाट आहे. एकही चढ लागत नाही.

अंतरही फार नसतं. जुनं शहर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन किलोमीटरच्या आसपास भरतं. दोन तास लागतात ते थांब्यांमुळे. दर काही मिनिटांनी गाइड थांबतो, एखादी इमारत किंवा रस्ता दाखवतो, गोष्ट सांगतो आणि पुढे निघतो.

मग चालत का नाही? चालत एका सकाळी शहराचा एखादाच भाग नीट होतो, तोही घामाघूम होऊन. गाडीतून गेलं तर अरुंद गल्ल्यांत थांबता येत नाही. सायकलवर एका सकाळी समुद्र, फ्रेंच भाग, तमिळ भाग आणि कोळीवस्ती असे चारही तुकडे जोडता येतात. पाँडी समजायला ते चारही तुकडे लागतात.

शहराचा नकाशा, दोन मिनिटांत

जुन्या पाँडिचेरीभोवती बुलेव्हार्ड म्हणजे रुंद रस्त्याचं एक लांबट कडं आहे. त्या कड्याच्या आत बहुतेक रस्ते एकमेकांना काटकोनात छेदतात. वहीच्या चौकटीच्या पानासारखे. समुद्राला समांतर जाणारे रस्ते आणि त्यांना आडवे कापणारे रस्ते. समुद्र पूर्वेला आहे एवढं लक्षात ठेवलं तरी इथे हरवायला होत नाही.

फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीने १६७४ मध्ये इथे वखार उभी केली. फ्रान्स्वा मार्टिन हा तिचा कर्ताधर्ता. १६९३ मध्ये डचांनी गाव जिंकलं आणि १६९९ मध्ये फ्रेंचांना परत दिलं. काटकोनी रस्त्यांचा आराखडा या डच काळातला. म्हणजे ज्याला आपण ‘फ्रेंच’ नगररचना म्हणतो, तिची पहिली रेघ डचांनी मारली. पुढे १७६१ मध्ये इंग्रजांनी शहर जिंकून जवळजवळ जमीनदोस्त केलं. ते परत मिळाल्यावर फ्रेंचांनी जुन्याच रेघांवर पुन्हा बांधलं. त्यामुळे फ्रेंच भागात आज जी जुनी घरं दिसतात, ती बहुतेक सगळी १७६१ नंतरची आहेत.

या नकाशावर उत्तर-दक्षिण जाणारी एक रेघ वेगळी आहे. ती रस्त्याची नाही, कालव्याची. कालव्याच्या समुद्राकडच्या बाजूला युरोपीय लोक राहायचे आणि पश्चिमेच्या बाजूला तमिळ लोक. फ्रेंच राजवटीत या दोन भागांना ‘गोरं शहर’ आणि ‘काळं शहर’ अशीच नावं होती. आज पर्यटनाच्या जाहिरातीत ‘व्हाइट टाउन’ हे नाव रोमँटिक वाटतं, पण ते आलं आहे कातडीच्या रंगावरून केलेल्या या वाटणीतून. सायकलवर हा कालवा ओलांडायला काही सेकंद लागतात. बऱ्याच पर्यटकांची पाँडिचेरी मात्र त्याच्या अलीकडेच संपते.

पहिला टप्पा: समुद्र

कोकणातल्या माणसाला सूर्य समुद्रात बुडताना बघायची सवय. इथे तो समुद्रातून उगवतो. मुंबईच्या मानाने पाँडिचेरी बरीच पूर्वेला असल्याने उजाडतंही लवकर. म्हणून सकाळची टूर समुद्रापासून सुरू झाली तर उत्तम.

गुबेर अव्हेन्यू हा किनाऱ्याचा सुमारे दीड किलोमीटरचा रस्ता. संध्याकाळी सहापासून सकाळी साडेसातपर्यंत तो मोटारगाड्यांना बंद असतो. त्या वेळात सगळं शहर तिथे चालायला येतं. चालणाऱ्यांच्या गर्दीत सायकल कुठे चालवायची आणि कुठे हातात धरून न्यायची, हे गाइड सांगेल तसं करा.

या रस्त्यावर चार गोष्टी बघून घ्या.

१. जुना दीपस्तंभ. १८३६ पासून जहाजांना वाट दाखवत होता. १९७९ मध्ये नवा दीपस्तंभ आल्यावर निवृत्त झाला.

२. गांधीजींचा पुतळा. पुतळ्याभोवती ग्रॅनाइटचे आठ कोरीव खांब आहेत आणि ते जिंजीहून आणलेले आहेत. जिंजी म्हणजे तीच, जी शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये दक्षिणेच्या मोहिमेत घेतली आणि जिथे नंतर राजाराम महाराजांनी मुघलांचा वेढा वर्षानुवर्षं झुंजवला. त्याच मोहिमेच्या वेळी महाराजांचं सैन्य जवळ आलेलं बघून मार्टिनने आपला वकील त्यांच्या छावणीत पाठवला होता. पाँडिचेरी तेव्हा अवघी तीन वर्षांची वखार होती.

३. फ्रेंच युद्धस्मारक. पहिल्या महायुद्धात फ्रान्सकडून लढताना मेलेल्या इथल्या सैनिकांचं. दर १४ जुलैला, फ्रान्सच्या राष्ट्रीय दिवशी, ते रोषणाईने उजळतं.

४. मेरी, म्हणजे जुनं नगरभवन. दिसतं एकोणिसाव्या शतकातलं, पण ही इमारत नवी आहे. मूळ इमारत नोव्हेंबर २०१४ मध्ये पावसात कोसळली. मग तिची हुबेहूब प्रतिकृती बांधून २०२१ मध्ये खुली केली. जुन्या इमारतींचं जतन हा इथे शोभेचा विषय नाही. डागडुजी राहिली तर त्या एका पावसाळ्यात जातात.

दुसरा टप्पा: व्हाइट टाउन

आता तुमच्या फीडवरच्या गल्ल्या. रस्त्यांच्या निळ्या पाट्यांवर फ्रेंच आणि तमिळ अशी दोन्ही नावं दिसतात. फ्रेंचमध्ये ‘रू’ म्हणजे रस्ता. घरं उंच भिंतींच्या आड, मोठ्या दरवाजामागे अंगण आणि बाग. रस्त्यावरून घरात काय चाललंय ते दिसू नये अशी ही रचना आहे. हे लक्षात ठेवा, पुढच्या टप्प्यात कामी येईल.

सगळ्यात जास्त फोटो निघतात त्या रस्त्यांपैकी एक ‘रू द्युमा’. बेन्वा द्युमा हा १७३५ ते १७४१ या काळातला इथला गव्हर्नर. १७४० मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांनी कर्नाटकावर स्वारी केली, अर्काटचा नवाब दोस्त अली लढाईत मारला गेला आणि त्याच्या कुटुंबाने पळून पाँडिचेरीत आसरा घेतला. मराठ्यांनी त्यांना ताब्यात मागितलं, द्युमाने नकार दिला. स्वारी अखेर पाँडिचेरीवर आली नाही. मराठी माणसाने या पाटीखाली फोटो काढताना एवढं माहीत असलेलं बरं.

याच भागात राजनिवास म्हणून ओळखली जाणारी वास्तू आणि त्यासमोरच्या भारती पार्कमध्ये आयी मंडपम आहे. हा पांढरा मंडप पुदुच्चेरी सरकारचं बोधचिन्ह आहे. गोष्ट अशी सांगतात, की आयी नावाच्या एका गणिकेने आपलं घर पाडून तिथे लोकांसाठी पाण्याचा तलाव करू दिला. किनाऱ्यावरच्या शहराला गोड्या पाण्याची किंमत काय असते, ते या कथेत कळतं.

मनकुळ विनायगर मंदिर आणि श्री अरविंद आश्रमही इथेच. अरविंद घोष १९१० मध्ये इंग्रजांच्या हद्दीतून निघून फ्रेंच पाँडिचेरीत आले आणि १९५० मध्ये गेले ते इथेच. कवी सुब्रमण्य भारतीही १९०८ ते १९१८ अशी दहा वर्षं इथे राहिले. इंग्रजांचे पोलीस फ्रेंच हद्दीत येऊन सहज अटक करू शकत नव्हते, हे त्यामागचं कारण. टूरमध्ये आश्रम सहसा बाहेरूनच दाखवतात. समाधीजवळ शांतता पाळायची असते आणि परवानगीशिवाय फोटो काढता येत नाहीत, त्यामुळे तिथे नंतर वेगळे जा.

आणखी एक. या पिवळ्या भिंतींच्या आत माणसं राहतात. कुणाच्या दारातल्या पायरीवर बसून अर्धा तास शूट करायचं असेल, तर आधी बेल वाजवून विचारा.

तिसरा टप्पा: कालव्यापलीकडे

कालवा ओलांडला की पाच मिनिटांत शहराचा आवाज बदलतो. फुलवाले, दुधाच्या किटल्या, दारापुढे काढलेले कोलम म्हणजे तमिळ रांगोळ्या, आणि खूप जास्त रहदारी.

इथली जुनी घरं बघताना फ्रेंच घरांशी तुलना करा. तमिळ घराला रस्त्याकडे तोंड करून एक ओटा असतो. त्याला ‘तिण्णै’ म्हणतात. त्याच्या पुढे लाकडी खांबांवर कौलारू पडवी येते, ती ‘ताळवारम’. वाटसरूने उन्हात टेकावं, शेजाऱ्याने येऊन बसावं म्हणून ही जागा. आत गेलं की उघडा चौक, ‘मुट्रम’. आपल्या वाड्यांचा ओटा, ओसरी आणि चौक आठवला ना? फ्रेंच घर रस्त्याला पाठ करतं आणि तमिळ घर रस्त्याला बसायला जागा देतं.

काही घरांत दोन्ही एकत्र दिसतं. खाली तिण्णै आणि खांब, वर कमानी आणि फ्रेंच खिडक्या. या मिश्र शैलीचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे आनंद रंग पिळ्ळै यांचा वाडा. ते फ्रेंचांचे मुख्य दुभाषी. १७३६ ते १७६१ अशी पंचवीस वर्षं त्यांनी तमिळमध्ये रोजनिशी लिहिली. त्या काळातल्या दक्षिण भारताच्या राजकारणासाठी इतिहासकार आजही ती उघडतात.

याच भागातल्या वैश्याळ स्ट्रीटवर एका रांगेतल्या घरांच्या दर्शनी बाजू, तिण्णै आणि पडव्यांसकट, दुरुस्त करून घेतल्या गेल्या. या कामाला २००८ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. एक घर वाचवण्यापेक्षा अख्ख्या गल्लीचा चेहरा वाचवणं किती वेगळं असतं, ते इथे डोळ्यांनी दिसतं.

तमिळ भागातही हिंदू, ख्रिस्ती आणि मुस्लिम मोहल्ले आहेत. काझी स्ट्रीट, मुल्ला स्ट्रीट ही नावं त्यांचीच. वाटेत गुबेर मार्केट लागलं तर सायकल बाहेर लावून आत डोकवा. सकाळची भाजी आणि फुलं इथूनच शहरभर जातात.

चौथा टप्पा: कोळीवस्ती आणि हरवलेली वाळू

गुबेर अव्हेन्यूच्या उत्तरेला कुरुचिकुप्पम, वैत्तिकुप्पम या मच्छीमारांच्या वस्त्या आहेत. ‘कुप्पम’ म्हणजे आपल्या भाषेत कोळीवाडा. सगळ्या टूर इथे येत नाहीत. पण समुद्रकिनाऱ्याच्या शहरात आलात, तर त्या किनाऱ्याचं काय झालं हे इथेच कळतं.

पूर्व किनाऱ्यावर लाटा वाळू सतत सरकवत असतात. वर्षातला बराच काळ ती दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते, ईशान्य मोसमीच्या दिवसांत उलट दिशेने. वर्षाचा हिशेब केला तर उत्तरेकडे जाणारी वाळू जास्त. १९८० च्या दशकाच्या शेवटी शहराच्या दक्षिणेला अरियांकुप्पम नदीच्या मुखाशी बंदर झालं आणि त्यासाठी समुद्रात दगडी बांध घातले गेले. त्या बांधांनी उत्तरेकडे निघालेली वाळू अडवली. पाटाचं पाणी वरच्या शेतकऱ्याने अडवलं की खालच्याचं शेत सुकतं, तसंच झालं. बंदराच्या दक्षिणेला वाळू साचत गेली आणि उत्तरेला, म्हणजे शहरासमोर, पुळण नाहीशी झाली.

शहर वाचवायला किनाऱ्यावर मोठमोठे दगड टाकले गेले. आज गुबेर अव्हेन्यूवर काळ्या दगडांचा जो ढीग दिसतो, तो निसर्गाने दिलेला खडकाळ किनारा नाही, तो हा उपाय आहे. दगडांनी रस्ता वाचला, पण वाळू काही परत आली नाही आणि झीज आणखी उत्तरेला सरकली. आधी कोळीवस्त्यांकडे आणि मग तमिळनाडूच्या हद्दीतल्या गावांकडे. मच्छीमाराला पुळण लागते ती होडी ओढायला, जाळी वाळवायला आणि मासे सुकवायला. ती गेली की धंद्याची जागाच जाते.

पुढे चेन्नईच्या राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेने सचिवालयासमोर समुद्रात पाण्याखाली पोलादी बांधकाम बसवलं. लाटांचा जोर कमी करून वाळू धरून ठेवायचं काम ते करतं. जोडीला बंदराच्या तोंडाशी साचलेली वाळू उपसून किनाऱ्यावर टाकली गेली. २०१८-१९ च्या सुमारास शहरासमोर पुन्हा थोडी पुळण दिसू लागली. तीस वर्षांच्या आतल्या पाँडीकरांनी आपल्या शहराची वाळू तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

म्हणून किनाऱ्यावर थांबाल तेव्हा गाइडला विचारा, ही वाळू कधीची? कोळीवस्तीत मात्र होडी दुरुस्त करणाऱ्या माणसावर कॅमेरा रोखण्याआधी त्याला विचारा. ती त्याची कामाची जागा आहे.

बुक करण्याआधी हे पाच प्रश्न विचारा

१. टूर कालवा ओलांडून तमिळ भागात जाते का? कोळीवस्तीपर्यंत जाते का?

२. गाइड कोणती भाषा बोलतो? मराठी मिळणं अवघड, इंग्रजी बहुतेक ठिकाणी चालतं, हिंदी आहे का ते विचारून घ्या.

३. गटात जास्तीत जास्त किती जण? दहाच्या वर गेले की मागच्यांना गाइडचं काही ऐकू येत नाही.

४. हेल्मेट आणि मुलांसाठी छोटी सायकल मिळते का?

५. पाऊस आला तर पैसे परत मिळतात की तारीख बदलून मिळते?

सायकलची सवय सुटली असेल तर

निघण्याआधी दोन्ही ब्रेक दाबून बघा. सीटवर बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. व्हाइट टाउनमध्ये सकाळी रस्ते मोकळे असतात, तिथे हात बसवून घ्या. खरी परीक्षा नेहरू स्ट्रीट आणि मिशन स्ट्रीटच्या बाजूला, जिथे स्कूटर कुठूनही येते. तिथे एकामागे एक चला, शेजारी-शेजारी नको. मोबाइल खिशात ठेवा. चालत्या सायकलवरून रील काढण्याच्या नादात पडलात तर उरलेली ट्रिप गुडघ्याला पट्टी बांधून काढावी लागेल.

कधी जायचं, कसं जायचं?

आपल्या पावसाळ्याचं गणित इथे चालत नाही. पाँडिचेरीचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. २०२४ च्या नोव्हेंबरअखेरीस फेंगल चक्रीवादळ या शहराजवळच किनाऱ्याला धडकलं होतं आणि रस्ते पाण्याखाली गेले होते. दिवाळीच्या सुटीत जाणार असाल तर हवामानाचा अंदाज बघूनच टूरचा दिवस ठरवा. जानेवारी ते मार्चची सुरुवात सायकलसाठी सगळ्यात बरी. एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊनंतर सायकल चालवणं म्हणजे शिक्षा.

दादरहून पुण्यामार्गे पुदुच्चेरीला थेट चालुक्य एक्सप्रेस आहे. ती रोज नसते, त्यामुळे दिवस बघून तिकीट काढा. विमानाने चेन्नईला उतरलात तर पुढे सुमारे १५० किलोमीटरचा रस्ता आहे.

दोन तासांत काय होणार नाही?

ऑरोव्हिल या टूरमध्ये बसत नाही, ते शहराबाहेर आहे. आश्रम, वस्तुसंग्रहालय आणि भारतींचं घर यांना स्वतंत्र वेळ द्या. टूरमध्ये आवडलेल्या एखाद्या गल्लीत संध्याकाळी परत चालत जा. सकाळी रिकामा दिसलेला तिण्णै तेव्हा गप्पा मारणाऱ्या माणसांनी भरलेला असेल.

आणि एक दिवस हाताशी असेल तर जिंजीला जाऊन या. पाँडिचेरीपासून अंदाजे ७० किलोमीटर. ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांमध्ये महाराष्ट्राबाहेरचा हा एकमेव किल्ला आहे. समुद्रावरचे ते आठ खांब ज्या गावाहून आले, ते गाव तेव्हा बघून होईल.